सूचक : रंगूबाई नाथाजी शेवाळे

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी शेवाळ्यांच्या घरात दोन भांडणं होतात, हे बेलवळात पोराटोरांनाही पाठ होतं. एक, जिलेबी गावातल्या कढईची आणायची की पलूसची. आणि दुसरं, नाथाजी सुभेदारांचा झेंडावंदनाचा कोट कुणी कुठं ठेवला. यंदा तिसरं झालं. त्यापुढं जिलेबी आणि कोट दोन्ही मागं पडले.

रंगूबाई सोप्यात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. शेजारी थोरली सून संयोगिता, दुपारच्या एसटीनं सांगलीहून आलेली. थोरला ऋषिराज फौजेत, जोधपूरला; त्याच्या वाटणीची हजेरी संयोगिताच लावायची. विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात ती बारा वर्षं कामाला होती आणि घाटे सोलतानासुद्धा तिची बोटं टाईप केल्यासारखी चालायची.

साक्षी चपला न काढताच आत आली. रंगूबाई ओरडणार होती, पण पोरीचं तोंड बघून तिनं सरकून शेजारी जागा केली.

"आजी, सूचक म्हंजी काय?"

"सुचतं त्यो सूचक. मला काय इचारतीस? तुजी काकू बसलीया की शिकल्याली."

"सभेत ठराव मांडतो त्याला सूचक म्हणतात," संयोगिता म्हणाली. "आणि त्याला पाठिंबा देतो तो अनुमोदक. का गं?"

"मग हे वाच. मोठ्यांदा वाच. आजीला ऐकू दे."

संयोगितानं कागद घेतला. ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, खाली 'खरी नक्कल'. तिला आधी बरंच वाटलं. अर्ज दोन प्रतींत द्यायचा, एकीवर पोच घ्यायची आणि पोच मिळाल्याशिवाय पायरी उतरायची नाही, हे दिवाळीत तिनंच पोरीला शिकवलं होतं. पोरगी शिकली म्हणायची. मग ती वाचायला लागली आणि तिचा आवाज हळूहळू बसत गेला.

"दोन ऑक्टोबरची ग्रामसभा. ठराव क्रमांक नऊ. आयत्या वेळचा विषय. मौजे बेलवळ येथील परेडीचा माळ या जागेवर व्यापारी गाळे बांधण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. सूचक..." तिनं सासूकडं पाहिलं. "सूचक, सौ. रंगूबाई नाथाजी शेवाळे. अनुमोदक, श्री. धनाजी बाबर."

रंगूबाईच्या हातातला घाटा तसाच राहिला.

"मी? मी मांडला? आगं, मी जल्मात चूल मांडली, संसार मांडला, दोन लेकांच्या लग्नात पंगती मांडल्या. ठराव कवा मांडला मी?"

"मला काय ठाऊक?" साक्षीचा आवाज फाटला. "आज माणसं टेप घेऊन आल्ती माळावर. आमी पळत हुतो, त्यांनी आमाला बाजूला हो म्हटलं. मी इचारलं, कुणी सांगितलं? तर म्हणाले, ठराव झालाय, जा की आजीला इचार तुज्या. चौदा पोरींच्या म्होरं, आजी! सगळ्याजणी माज्याकडं बगाय लागल्या."

परेडीचा माळ म्हणजे काही फार मोठी जागा नव्हे. नव्वदच्या दशकात सुभेदार पेन्शन घेऊन आले, आणि तिसऱ्याच दिवशी दोर घेऊन माळावर गेले. चारशे मीटरची फेरी त्यांनी पावलापावलानं मोजली, चुन्याची फक्की मारून आखली, आणि गावातल्या पोरांना म्हणाले, पळा. तेव्हापासून बेलवळची साठ-पासष्ट पोरं त्या मातीवरून फौजेत आणि पोलिसांत गेली. गेल्या तीन वर्षांत पोरीही पळायला लागल्या. आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. साक्षीला यंदाच्या पोलीस भरतीत उतरायचं होतं आणि तिच्या दोन फेऱ्यांत अजून सात सेकंद जास्त लागत होते. त्या सात सेकंदांसाठी पोरगी पहाटे पाचला उठत होती.

रंगूबाईनं पदरानं हात पुसले, चष्मा लावला आणि कागद जवळ घेतला. तिचं नाव होतं. तिची सही नव्हती, पण नाव ठसठशीत होतं.

आता या बाईच्या सहीचं जरा सांगायला पाहिजे. पस्तीस वर्षांची होईपर्यंत ती अंगठा उठवत होती. नवरा लडाखला, त्याची पत्रं शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, याचा तिला एके दिवशी असा संताप आला की ती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसली. चार महिन्यांनी सही आली. वाचायलाही आलं, पण बोट फिरवत, सावकाश. तेव्हापासून ती जिथं सही करायची तिथं पुरं नाव लिहायची, 'रंगूबाई नाथाजी शेवाळे'. तोंडानं नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलं नव्हतं. 'सुभेदार' म्हणायची, नाहीतर नुसतं 'आवं'. नवऱ्याचं नाव यायचं ते फक्त सहीत, आणि ते लिहिताना अजूनही तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

आणि दोन ऑक्टोबरला? दोन ऑक्टोबरला पंचायतीचा शिपाई केरबा हजेरीचं रजिस्टर घेऊन आला होता. नेहमीसारखाच. घर पंचायतीला लागून, म्हणून पहिली ओळ रंगूबाईची. "काकू, सही." तिनं हात धुतले, सही केली, त्याला चहा पाजला. रजिस्टर गावभर फिरलं. वीस वर्षं असंच चाललं होतं. सही केली म्हणजे सभेला गेलो, असं तिला कधी वाटलंच नाही. आणि गेलो नाही, असंही कधी वाटलं नाही.

"म्हंजी मी नुसती हजर न्हाई," ती म्हणाली, "मी बोललीसुद्धा. वा गं वा."

वीरधवल तासाभरानं आला. धाकटा लेक, साक्षीचा बाप, आणि दीड वर्षापासून गावचा सरपंच. मंडपवाल्याशी फोनवर बोलतच आत आला, आणि आई, वहिनी, लेक आणि बायको राजेश्वरी, चौघींची तोंडं बघून त्यानं फोन ठेवला.

"काय झालं?"

आईनं कागद पुढं सारला. त्यानं एक नजर टाकली आणि हसला. तो हसला, हे सगळ्यांत वाईट झालं.

"ते व्हय? आवं आई, मला वाटलं काय झालं. माज्या कारकिर्दीतला पयला मोठा ठराव हाय ह्यो. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, सूचक कोण घालू? म्हटलं, आईचं नाव घाला. आईच्या नावानं केलेलं काम तडीला जातं. माज्या पयल्या ट्रॅक्टरवर कुणाचं नाव हाय? तुजंच न्हवं?"

त्यात लबाडी नव्हती, हे रंगूबाईला कळत होतं. पोरगा खरंच तसा होता. बोअर मारताना आईच्या हातून नारळ, ऊस तोडताना पहिली मोळी आईच्या पायाशी. मायेचा होता, म्हणून तिला राग जास्त आला.

"इचारल्याबिगर नाव देवाचं घेत्यात, लेकरा. त्यो बोलत न्हाई म्हणून. मी बोलतीया की."

"चुकलं. पुढच्या बारीला इचारीन."

"सभेला माणसं किती होती, भावजी?" संयोगितानं विचारलं. आवाज अगदी साधा, चहात साखर किती विचारावी तसा.

"आता आकडा कुटं लक्षात ऱ्हातोय..."

"साधारण."

"अकरा-बारा असतील."

"नकलेवर हजर एकशे चार आहेत."

वीरधवलनं वहिनीकडं पाहिलं. "वहिनी, सांगलीहून येताना फरसाण आणायचं सोडून तुमी कायदा आणला."

"फरसाणही आणलंय. डब्यात आहे."

राजेश्वरीला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. एरवी ती नवऱ्याच्या बाजूनं जावेला दोन शब्द सुनवायची. सांगलीची शहाणी, हे तिचंच घातलेलं नाव. आज ती फरसाणाचा डबा आणायला उठली.

"हे बगा," वीरधवल खाली बसला, "मी काय खिशात घालायला करतोय का? हमरस्त्याच्या कडंला एवढी जागा, नुसती गवतं उगवत्यात. दहा गाळं झालं तर दहा घरं चालत्याल. पोरं कुटंवर भरती-भरती करत बसणार? आणि पळायचंच असलं तर पलूसला मैदान हाय की. आठ किलोमीटर. गाडीला किक मारली की..."

"पोरं जातील, पप्पा," साक्षी म्हणाली. "पोरींना कोण सोडणार? पहाटं पाचला? तुमी सोडाल मला?"

वीरधवलनं समोरचा एक घाटा उचलला आणि सोलायला लागला. राजेश्वरी उंबऱ्यापाशी उभी होती, ती हळूच म्हणाली, "मी तर न्हाई सोडणार. आणि शेजारच्या हरणाबाईची नात? तिला तर घरातनं माळापातुरच सोडत्यात."

"म्हंजी आता तू पण?"

"मी कुटं काय म्हणतीया? इचारलं त्याचं उत्तर दिलं."

इतका वेळ सुभेदार कोटाच्या शोधात आतबाहेर करत होते. कोट मिळाला होता, ट्रंकेत, जिथं दरवर्षी असतो तिथंच. तो हातावर घेऊन ते दारात थांबले. माळ त्यांनी आखलेला, पोरगा त्यांचा. सगळ्यांना वाटलं आता सुभेदार फैसला देणार.

"उद्या सभा किती वाजता हाय?"

"अकराला, दादा."

"मग जे काय बोलायचं ते अकराला. तिथं. घरात सभा घ्यायची न्हाई."

"दादा!" वीरधवल उठलाच. "आपलंच दात, आपलंच ओठ. आईनं चारचौघांत लेकाच्या विरोधात उभं ऱ्हायचं? गाव हसंल मला."

"हसू दे की," रंगूबाई म्हणाली. पण सोललेले हरभरे ती टरफलांतच टाकत होती. वाडीवस्तीवरच्या हळदीकुंकवात तिची जीभ तलवारीसारखी चालायची. मांडवात, माईकपुढं, पुरुषमाणसांत ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. आणि पहिला शब्द बोलायचा तो पोटच्या पोराला खाली बघायला लावणारा. नाही बोललं तर माळ गेला, आणि तोही आपल्या नावावर. जन्मभर नातीनं म्हणायचं, आजीनं मांडला ठराव.

ती अडकली होती. आणि गावात हे कुणालाच माहीत नव्हतं.

*

सकाळी साडेसातला केरबा आला. काखेत रजिस्टर, कानावर पेन.

"काकू, सही."

"आज न्हाई, केरबा."

"हात भरल्यात व्हय? धुवा की, थांबतो."

"हात मोकळं हायत. सही तिथं यून करीन. सभेत."

केरबानं रजिस्टरकडं पाहिलं, मग तिच्याकडं. वीस वर्षांत पहिली ओळ कोरी राहिली नव्हती. "काकू, आवं, तब्येत बरी हाय न्हवं?"

"लय झ्याक हाय. चहा घेतोस?"

चहाही त्यानं घेतला नाही. तसाच पुढं हरणाबाईच्या दारात गेला. हरणाबाईनं पेन घेतलं, सवयीनं वर बघितलं, आणि थांबली. "रंगूबाईनं केली न्हाई?"

"त्या म्हणत्यात, सभेत यून करीन."

"मग मी कशी करू बाबा हितं? मीपण तिथंच करीन."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. लोक सही करताना मजकूर बघत नव्हते, पण पहिली ओळ बघत होते. रंगूकाकूंनी केली म्हणजे ठीक असेल, असा गावाचा हिशेब. आता ओळच कोरी. सुताराच्या म्हातारीनं तर केरबालाच फैलावर घेतलं, "पयलं मला सांग, काय झालंया? त्या करत न्हाईत म्हंजी कायतरी हाय." आणि केरबा, ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, गावभर ठाऊक नसल्याची बातमी पसरवत फिरला. दवंडीनं एवढं काम झालं नसतं.

पंचायतीत वीरधवलच्या पुढं रजिस्टर आलं तेव्हा त्यावर सात सह्या होत्या, सातही सदस्यांच्या.

"कोरम न्हाई," धनाजी बाबर म्हणाला. वीरधवलच्या निवडणुकीत रात्रंदिवस फिरलेला माणूस. गाळ्यांत त्याच्या भाच्याचं दुकान निघायचं होतं. "तहकूब करू, गड्या. तहकूब सभेला पुन्हा कोरम लागत न्हाई. आठ दिसांनी बसू चौघंजण, इतिवृत्त कायम करू, मिटलं."

वाट सोपी होती. वीरधवलनं घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी. तहकूब म्हणून नोटीस लिहायला दोन मिनिटं पुरली असती. आईला उभं राहावं लागलं नसतं, त्याला खाली बघावं लागलं नसतं. त्यानं पेन उचललंसुद्धा.

तेवढ्यात खिडकीतून त्याला साडी दिसली. मग दुसरी. मग सगळा रस्ताच बायकांनी भरलेला दिसला. पुढं रंगूबाई, डोक्यावर पदर, पायात सणाच्या चपला. तिच्या मागं हरणाबाई, सुताराची म्हातारी, बचत गटाच्या बाया, कडेवर पोरं. ट्रॅक-पँट घातलेल्या चौदा पोरी. बायका चालल्या म्हणून कुतूहलानं निघालेले बाप्ये. आणि सगळ्यात मागं, इस्त्रीच्या कोटावर तीन पदकं लावून, काठी न घेता चालणारे सुभेदार.

"आयला," धनाजी म्हणाला.

वीरधवलनं पेन खाली ठेवलं. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली, आणि त्याच भीतीत कुठंतरी त्याला एक वेडगळ आनंदही झाला. सरपंच झाल्यापासून सभेला त्यानं पंधराच्या वर डोकी पाहिली नव्हती. आज गाव आलं होतं. आईच्या एका सहीपायी. न केलेल्या सहीपायी.

*

सभा शाळेच्या मांडवात होती, झेंडावंदनाच्या रांगोळीवर अजून पावलं उमटलेली. रजिस्टरपाशी रांग लागली. संयोगिता रांगेतल्या बायकांना हळूच सांगत होती, "सही इथंच करायची, आणि सभा संपेस्तोवर जायचं नाही. जिलेबी पळून जात नाही."

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी घसा साफ केला. एवढी माणसं बघून ते घाबरले होते.

"विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तर मागील इतिवृत्त वाचले असे समजून..."

"मंजूर!" धनाजी आणि पुढचे चौघं ओरडले. दरवेळी ओरडायचे तसे.

"वाचा."

आवाज लहान होता. कुणाचा ते कळायला जरा वेळ लागला. बायकांच्या घोळक्यात रंगूबाई उभी होती. एका हातानं तिनं हरणाबाईचा खांदा धरला होता.

"काकू, ते वाचल्यातच जमा असतं," भाऊसाहेब म्हणाले.

"मी कुटं ऐकलं? विषयात काय लिव्हलंय? वाचून कायम करणे. मग वाचा की."

मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय, वाचा." मग सगळेच. भाऊसाहेबांनी वीरधवलकडं पाहिलं. त्यानं मान हलवली.

आणि बेलवळच्या ग्रामसभेनं कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतः काय मंजूर केलं ते ऐकलं. ठराव तीन आला, मारुतीच्या बोळात दिवा बसवणे, तेव्हा एक म्हातारा उठून म्हणाला, "मंजूर झालाय व्हय? मग मी काल कुणाच्या म्हशीवर आदळलो?" मांडव हसला. "मंजूर हाय आबा, बसवायचा हाय," वीरधवल म्हणाला आणि त्यानं पुढच्या कागदावर खूण केली. ठराव पाच, ठराव सात. लोक कान देऊन ऐकत होते.

ठराव नऊ. भाऊसाहेबांचा आवाज उतरला, पण माईकनं तो लपवला नाही. सूचक म्हणून नाव आलं तेव्हा मांडवातली प्रत्येक मान रंगूबाईकडं वळली. चौदा पोरींच्या मानासुद्धा.

रंगूबाईनं हरणाबाईचा खांदा सोडला.

"भाऊसाहेब, सूचक म्हंजी ज्यानं ठराव मांडला त्यो. बराबर?"

"बरोबर."

"म्हंजी ठराव माजा."

"कागदावर... हो, तुमचाच."

"मग माजा ठराव मी मागं घेती."

भाऊसाहेब ठराव पुन्हा वाचून बघायला लागले. धनाजी मात्र ताडकन उभा राहिला. "असं कसं? मागं कसा घ्याल? काकू, तुमी तर सभेला आलाच नव्हता!"

धनाजीला आपण काय बोललो ते अर्ध्या क्षणानं कळलं.

"नव्हतीच आली," रंगूबाई सावकाश म्हणाली. "मग मांडला कुणी रं धनाजी? आली असली तर मागं घेती. आली नसली तर ठरावच न्हाई. कंचं लिव्हायचं ते तुमी ठरवा."

हसण्याचा असा लोट उठला की रांगोळीजवळ बसलेली पोरं दचकली. साक्षीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. संयोगितानं विश्रामबागेत बारा वर्षं इतिवृत्तं टाईप केली होती; असा मुद्दा तिलाही सुचला नसता, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं.

"हसू नगा," रंगूबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माजापण गुन्हा हाय. वीस वरसं मी घरात बसून सही करतीया. काय लिव्हलंय इचारलं न्हाई. आंगठा हुता तवा लाज वाटायची. सही आल्यावर न वाचता केली, म्हंजी त्यो आंगठाच की. तुमी समद्यांनी माजी ओळ बगून केली. तवा आधी माजं चुकलं."

आता वीरधवलची पाळी होती. त्याची माणसं पुढं बसली होती, त्यानं खूण केली असती तर गोंधळ झाला असता, सभा उधळली असती. त्यानं आईकडं पाहिलं. तिचा हात पदराशी चाळा करत होता, पण नजर त्याच्यावर होती. ती त्याला हरवायला उभी नव्हती. लहानपणी शाळेतून खोटं बोलून आल्यावर ती अशीच दारात उभी राहायची, खरं बोलायची संधी देत.

तो उठला. माईक त्यानं स्वतःकडं ओढला.

"आईचं नाव मी घालायला सांगितलं. तिला न इचारता. मोठेपणा म्हणून घातलं, पण चूक ती चूकच. आणि आकराजण हुतो आमी, सर्वानुमते न्हाई. भाऊसाहेब, इतिवृत्त अजून कायम झालं न्हाई न्हवं? मग दुरुस्ती घ्या. ठराव नऊ रद्द. गाळ्यांचं गावानं आज म्होरं बसून ठरवावं."

तासभर बोलणं झालं. गाळ्यांच्या बाजूनंही बोलले, आणि नीट बोलले. धनाजीच्या भाच्यानं तर हात जोडून सांगितलं की मला दुकान पायजे, माळ नगं. कुणीतरी जुन्या एसटी थांब्यामागची पडकी जागा सुचवली. सुताराच्या म्हातारीनं "ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये" एवढं एकच वाक्य चारदा सांगितलं. शेवटी वीरधवल म्हणाला, "माळाचा नवा ठराव कोण मांडतंय?"

"मी," रंगूबाई म्हणाली. "ह्या बारीला खरोखर. परेडीचा माळ पोरापोरींच्या पळण्याला कायम ऱ्हावा."

"अनुमोदक?"

पुरुषांत दोनचार हात हलले, पण त्याआधी ट्रॅक-पँटमधला एक हात सरळ वर गेला होता.

"तिचं नाव यादीत हाय का?" धनाजी पुटपुटला. शेवटचा प्रयत्न होता.

"हाय, काका," साक्षी म्हणाली. "अठरा पुरी झाली त्या महिन्यातच फॉर्म भरला. वॉर्ड दोन, अनुक्रमांक सहाशे अठरा. बगा पायजे तर."

वीरधवल भाऊसाहेबांकडं वळला. "लिव्हा. अनुमोदक, कुमारी साक्षी..." तो थांबला. पुढचं नाव त्याचं स्वतःचं होतं. ज्या ठरावानं त्याचा ठराव पडला त्यात त्याच्या लेकीचं नाव, आणि त्याला जोडून त्याचं. निवडून आल्यावर गुलाल पडला होता तेव्हासुद्धा त्याची छाती अशी भरून आली नव्हती. "साक्षी वीरधवल शेवाळे," तो खणखणीत म्हणाला. "मोठ्या अक्षरांत लिव्हा."

हात वर झाले. मोजायला केरबाला दोनदा फिरावं लागलं. विरोधात एकही हात नव्हता.

ठराव लिहून झाला. वीरधवल स्वतः रजिस्टर घेऊन खाली उतरला, आईच्या पुढ्यात धरलं, पेनाचं टोपण काढलं. "आई, सही."

"आधी वाचू दे."

"भाऊसाहेब वाचत्यात की..."

"मला येतं."

तिनं चष्मा लावला. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. कुणी माईक तिच्या तोंडापुढं धरला, आणि ती वाचायला लागली, एकेक शब्द सोडवत, जोडाक्षरापाशी थांबत. चार ओळी होत्या. अडीचशे माणसं, समोर जिलेबीचे खोके, पण कुणी घाई केली नाही. राजेश्वरी कडेवरच्या पोरांना गप्प करत होती. संयोगिताचे ओठ सासूबरोबर हलत होते.

"...सर्वानुमते... मंजूर... करण्यात येत आहे. सूचक. रंगूबाई..."

तिथं ती थांबली. बोट पुढच्या शब्दावर होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागच्या बायकांच्या लगेच ध्यानात आलं. "घ्या की नाव!" हरणाबाई ओरडली, "घ्या, घ्या!" आणि सगळ्या मांडवात लग्नघरासारखी खसखस पिकली.

रंगूबाईनं मान वर केली. साठ वर्षांत तोंडानं न घेतलेलं नाव तिनं भर सभेत, माईकवर, स्वच्छ वाचलं.

"रंगूबाई नाथाजी शेवाळे."

मांडवाच्या अगदी मागं पायांची टाच टाचेवर आपटली. कोट घातलेले सुभेदार ताठ उभे राहिले होते.

"हजर!"

गाव हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. साक्षी रडत होती आणि हसत होती. वीरधवल रजिस्टर दोन्ही हातांनी धरून आईपुढं वाकला होता.

"बसा आता खाली," रंगूबाई नवऱ्याला म्हणाली, आणि पेन उघडं आहे की नाही ते बघितलं. "सही करू द्या मला."